मी आईची मुखत्यार होणार नाही

९ फेब्रुवारी

प्रिय बिट्टी,

आपण दोघी आईच्या बेतायच्या टेबलाखाली बसून टाचण्या वेचायचो, ते तुला आठवतं का? शाळेतून आलं की दप्तर दारामागे टाकायचं, मोजे बुटांत कोंबायचे आणि थेट टेबलाखाली शिरायचं. लोहचुंबक तुझ्याकडे असायचा, कारण तो तू रडून मिळवला होतास. मी आपली बोटांनी वेचायची. वरून आईचा हात खाली यायचा, नुसता हात, आणि आपण त्यावर टाचण्यांची उशी ठेवायची. तिच्या गिऱ्हाइकांचे चेहरे आपण फारसे पाहिलेच नाहीत, बूट तेवढे ओळखायचो. एकदा तपकिरी बुटांच्या बाई मापं देता देता रडायला लागल्या, तर आई त्यांना म्हणाली, "आधी मोजू द्या, मग रडा. रडताना छाती फुगते, माप चुकतं." तू फिसकन हसलीस आणि मी तुझ्या तोंडावर हात दाबला. एवढंच. त्या दुपारी बाकी काही घडलं नाही.

काल त्याच टेबलाशी बसले होते म्हणून आठवलं. टेबलावर आता इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग पडला आहे, अगदी टोकासकट. फोनवर मी तुला "थोडं जळलं" एवढंच म्हणाले. फोनवर तू भराभर बोलतेस, मी हो-हो करत राहते आणि ठेवल्यावर मला सुचतं काय बोलायचं होतं ते. म्हणून हे पत्र.

झालं असं, की आईने कुणाच्या तरी कोटाचं अस्तर दाबायला घेतलं आणि इस्त्री तशीच ठेवून आत जाऊन झोपली. खालच्या न्हाव्याला धुराचा वास आला. तो एका गिऱ्हाइकाला अर्धवट साबण लावलेला सोडून वर धावला, दार ढकललं, प्लग ओढला, टेबलावर पाणी ओतलं. आई उठून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, पाय पुसून आत यायची पद्धत आहे. तो बिचारा खाली जाऊन पाय पुसून परत आला.

डॉक्टर म्हणतात तिला आता एकटं ठेवू नका. माझ्याकडे ये म्हटलं, तर म्हणते तुझ्या घरात उजेड नाही. मग वकिलाने मुखत्यारपत्राचं सुचवलं. म्हणजे तिला स्वतःला ठरवता येईनासं झालं, की तिचा बँकेचा व्यवहार, घर, औषधोपचार, अगदी तिने राहायचं कुठे हेही तिच्या वतीने कुणीतरी ठरवायचं, आणि तो माणूस तिने आत्ताच, शुद्धीत असताना नेमायचा. आईने माझं नाव घातलं. मला विचारलं नाही. कागद माझ्या घरी आला, माझ्या संमतीच्या सहीसाठी.

बिट्टी, मी ती सही करणार नाही. का ते मला अजून धड सांगता येत नाही. इस्त्री मी माझ्या घरी आणून ठेवली आहे, तेवढी काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा जास्त राग आला. न्हाव्याच्या गोष्टीवर हसू आलं, म्हणून आणखी राग आला.

तू रोज संध्याकाळी तिच्याकडे जातेस. तिची नखं कापतेस, तिला अंघोळ घालतेस, तिचे टोमणे ऐकतेस. हे सगळं करून एका सहीला अडतेस? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, त्यातली गत झाली. हे तर म्हणाले, तुझ्या ताईला कंटाळा आला असेल, स्पष्ट बोलायची तिला सवय नाही. मी त्यांच्याशी भांडले. पण खरं सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. आला असेल कंटाळा तर तसं लिही, मी काही तुला खाणार नाही.

मी इथून काय करणार? समुद्राच्या ह्या बाजूला बसून मी आईची कसली मुखत्यार होणार? आणि माझं तिने आयुष्यात कधी ऐकलंय? मी भिंत पांढरी आहे म्हटलं, तर ती रंगारी बोलावून काळी करून घेईल. तुझं ती ऐकते. तूच एकटी तिला सांभाळू शकतेस, हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. म्हणून तर तिने तुझं नाव घातलं.

इस्त्री काढून घेतलीस हे फार बरं केलंस. बघ, करता येतं की तुला.

आणि रागावू नकोस, मी काल तिला फोन केला आणि सांगून टाकलं की ताई तयार आहे. तू तिच्यासमोर गेलीस की तयार होशीलच, मग उगाच महिनाभर ताणण्यात काय अर्थ आहे? ती खूश झाली. म्हणजे "बरं" म्हणाली.

तुझी,
बिट्टी


३ मार्च

प्रिय बिट्टी,

तू आईला ते सांगितलंस, आणि तिने त्याच दिवशी वकिलाची वेळ घेतली. मला कुणीच काही बोललं नाही. मी नेहमीसारखी दूध घेऊन गेले, तर आई स्वतः शिवलेला राखाडी कोट घालून, मांडीवर पर्स ठेवून, दाराशी खुर्चीत बसलेली. म्हणाली, "उशीर केलास. चल." मला तिथेच सांगायला हवं होतं. मी दूध आत ठेवलं आणि तिचा हात धरून निघाले.

वकील म्हणजे तो, ज्याच्या शाळेच्या चड्ड्या आईने शिवल्या होत्या. आता पोट सुटलंय. आई खुर्चीत टेकायच्या आधीच त्याला म्हणाली, हा कोट कुणी शिवला? त्याला सांग, माणसाला दोन खांदे असतात. तो ओशाळून हसला आणि कागद काढले. कायद्याप्रमाणे तिला विचारावं लागतं, म्हणून त्याने विचारलं, की ह्या कागदाने काय होतं ते तुम्हाला कळलंय ना? बिट्टी, तिने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. एक कलम तो विसरला होता, ते तिने आठवण करून दिलं. त्या सकाळी तिचं डोकं काचेसारखं स्वच्छ होतं.

मग त्याने सहज विचारलं, दोन मुली आहेत, मोठीचंच नाव का?

आई म्हणाली, "धाकटीला दिलं तर ती मला उचलून कुठेतरी नेऊन ठेवेल. हिला दिलं म्हणजे कुणालाच दिलं नाही. मी सांगेन तिथे ही सही करेल."

आणि माझा हात थोपटला. तुला वाटेल तिने टोमणा मारला. तसं नव्हतं. ती कौतुक करत होती. दगडापेक्षा वीट मऊ, असं वकिलाला वर म्हणाली, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती आपल्या हाताने सरळ आलेल्या शिलाईकडे बघायची.

त्या क्षणी मला माझं कारण सापडलं. ते तिनेच सांगितलं.

आता तुला एक लिहायचं आहे. इस्त्री माझ्याकडे आहे असं मी तुला लिहिलं, ते लिहिलं तेव्हा खरं होतं. त्याच आठवड्यात आई म्हणाली, "इस्त्री आण." मी आणून दिली. वायर झिजली होती, ती वाटेत बदलून घेतली, नवा प्लग बसवला आणि आणून दिली. तिने विचारलंसुद्धा नाही की इतके दिवस कुठे होती. मी टेबलावर ठेवली, तिने गरम करायला लावली. रस्त्यात मी स्वतःला बजावत होते की नाही द्यायची, आणि पाय चालत होते. शाळेत मदरनी मला आज्ञापालनाची निळी फीत लावली होती, तू तीन वर्षं माझी चेष्टा केलीस. ती फीत अजून निघालेली नाही.

तू म्हणतेस आई माझं ऐकते. अगं, मी तिचं ऐकते. आजवर तुम्हा सगळ्यांना ते उलटं दिसत आलं. कागद माझ्या नावाचा झाला, तर उद्या डॉक्टर विचारतील काय करायचं, मी आईकडे बघेन, आई म्हणेल "काही नको", आणि मी लिहून देईन "काही नको". ती त्या घरात इस्त्रीशेजारी झोपून राहील आणि माझ्या सहीने राहील. तिला "नाही" म्हणू शकेल असं माणूस हवं, बिट्टी. मी ते नाही.

मी वकिलाला म्हणाले, "मी घेणार नाही." त्याला वाटलं मला काही अटी घालायच्या आहेत. पुन्हा विचारलं. आई रागावली नाही, हसली. त्याला म्हणाली, थांब थोडं, ती हो म्हणेल. आणि खरंच आम्ही तिघं गप्प बसून राहिलो, मी हो म्हणायची वाट बघत. मीसुद्धा वाटच बघत होते. पेन माझ्यासमोर ठेवलेलं होतं. मग मी उठले, बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. कठड्याला धरून उभी होते, एक बाई पिशव्या घेऊन वर येत होत्या, त्यांनी विचारलं बरं नाही का. परत आत गेले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, ह्या वेळी खाली बघून.

येताना आईने माझा हात धरला नाही. भिंतीला हात लावत लावत चालली. मी एक पाऊल मागे.

तुझी,
ताई


१६ मार्च

ताई ग,

इस्त्रीचं वाचून मी हसायला लागले आणि मग हसणं थांबेना, हे पाणी घेऊन आले. नवा प्लग बसवून! तू तुरुंगाची जेलर असतीस तर कैद्यांना किल्ली करून दिली असतीस, आणि वर तेल घालून दिली असतीस.

कंटाळ्याचं लिहिलं त्याबद्दल माफ कर. इतक्या वर्षांत मला हे कसं दिसलं नाही? आपण लहान असताना मला वाटायचं, ताई आईची लाडकी आहे, कारण तिला कधी ओरडा बसत नाही. ओरडा बसायला आधी काहीतरी नाकारावं लागतं, नाही का.

मी येते. रजा मिळाली आहे, एप्रिलच्या सुरुवातीला तिथे असेन. तुला जमत नसेल तर मीच घेते ते मुखत्यारपत्र, इथून जसं जमेल तसं बघू, विमानं कशाला आहेत. दगड तर दगड. आईला आधी काही सांगू नकोस. मी येतेय एवढंच सांग, का येतेय ते नको. तेवढं तरी तिच्यापासून लपवता येईल का तुला?

तुझी,
बिट्टी


२ मे

प्रिय बिट्टी,

तू गेल्यावर मी लिहिलं नाही, कारण तुला काय लिहू ते कळत नव्हतं. तू दारातून टॅक्सीकडे गेलीस तेव्हा मागे वळून पाहिलं नाहीस, आणि मी वरून हात हलवत राहिले, कुणासाठी कोण जाणे.

जेवताना तू कागद काढलास तेव्हा आई तुला जे म्हणाली, ते माझ्या कानातून जात नाही. "आयुष्यभर मी माणसं मोजली, आता तू मला मोजायला आलीस." त्यानंतर तुझ्या मुक्कामात ती तुझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. तू तिच्यासाठी आणलेला स्वेटर तिने उसवून बघितला, शिवण कशी आहे ते पाहायला, आणि तसाच ठेवला. मला माहीत आहे तू न्हाणीघरात जाऊन रडलीस. नळ सोडून रडायची तुझी सवय अजून तीच आहे.

आता पुढचं. तू गेल्यावर दोन आठवड्यांनी आईचा डावा हात भाजला. इस्त्रीनेच. ती कापड धरून होती आणि इस्त्री हातावरच ठेवली. तिला कळलं नाही असं नाही, कळायला उशीर झाला. मी पोचले तेव्हा तिने हात ओल्या फडक्यात गुंडाळला होता आणि उजव्या हाताने धावदोरा घालत होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागेल, लवकर केलं तर बोटं वाचतील. आई नको म्हणाली. सकाळी नको म्हणाली, दुपारी विचारलं तर म्हणाली कसला हात, माझा हात बरा आहे. नर्सला ती गिऱ्हाईक समजते, गुरुवारी ट्रायलला या म्हणून सांगते. डॉक्टरांनी तिची वेगळी तपासणी केली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की ह्यांचं नको म्हणणं आता धरता येणार नाही. विचारलं, ह्यांचं मुखत्यारपत्र कुणाकडे आहे?

मी म्हटलं कुणाकडेच नाही.

"तुम्ही कोण?"

मी म्हटलं, मुलगी. ते वाट बघत राहिले, जणू मी आणखी काही सांगणार आहे.

कागद आता होऊ शकत नाही. तो करायला तिला समजायला हवं, आणि तिला समजत नाही असं त्यांनीच लिहून दिलं आहे. तू इथे होतीस तेव्हा शेवटची वेळ होती, आणि ती आपल्याला तेव्हा दिसली नाही. दवाखान्याने कोर्टाला कळवलं. कोर्ट आता तिच्या वतीने ठरवायला बाहेरचा एक पालक नेमणार. मग पालक ठरवतील. तोवर मलमपट्टी.

रोज मी जाते. पट्टी बदलताना तिचा दुसरा हात धरते. मी म्हटलं होतं तिला नाही म्हणणारं माणूस हवं. ते माणूस येईपर्यंत हात थांबणार नाही, हे मला सुचलं नव्हतं.

तुझी,
ताई


२९ मे

ताई,

पालकबाईंशी माझं फोनवर बोलणं झालं. बाई चांगल्या वाटल्या. शांत बोलतात, मध्ये तोडत नाहीत. त्या म्हणाल्या ऑपरेशन झालं, पण दोन बोटं सरळ व्हायची नाहीत. आणि आईला वृद्धांच्या संस्थेत हलवायचं नक्की केलं आहे, खोली पाहून आल्या, खिडकी मोठी आहे. मी हो-हो करत राहिले. ठेवल्यावर लक्षात आलं, मी तुझ्यासारखी वागले.

आपल्या आईची खोली एक परकी बाई पाहून आली आणि ती खोली मला आवडली की नाही हे सांगायचा मला अधिकार नाही. तुझ्यावर राग काढावा असं वाटलं, पण तो निघत नाही. स्वतःवर काढायला गेले, तोही धड निघाला नाही.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मी तिथे होते तेव्हा एकदा तू दूध आणायला खाली गेलीस. आईने मशीनवरून मान वर केली आणि मला विचारलं, "ताई मला नको का म्हणाली? मी तिला काय कमी केलं?" मी समजावायला गेले. तुला म्हणून सांगते, मी खरंच नीट सांगितलं, की आई, ताईला तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तिला माझ्यासाठी एक सही जड झाली." आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. तू वर आलीस, तिने तुला विचारलं, दूध ताजं आहे ना.

हे मी तुला सांगणार नव्हते. पण आता ती त्या संस्थेत जाणार, तू रोज जाणार, ती तुझ्याकडे कशी बघेल ते तुला आधीच माहीत असलेलं बरं.

आणि ती विचारेल, मला इथे कुणी आणलं. तू काही बोलू नकोस. कोर्टाने सांगितलं म्हणावं, ते खरंही आहे. तुझं नाव त्यात कशाला? आधीच पुष्कळ झालंय तुझ्या नावावर.

तुझी,
बिट्टी


१५ जून

प्रिय बिट्टी,

आईला काल हलवलं. खोली स्वच्छ आहे. खिडकी खरंच मोठी आहे, आईने आल्या आल्या खिडकीशी जाऊन उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहिलं. काही बोलली नाही, म्हणजे पसंत पडला असावा. पलंग, कपाट, एक खुर्ची. मशीन आत न्यायला परवानगी नाही. पालकबाईंनी माझ्यासाठी पुन्हा विचारून पाहिलं, पण नाहीच.

तू सांगितलेलं मला दूध आणतानाच्या त्या दुपारी कळायला हवं होतं. मी जिन्यातून वर येत होते तेव्हा मशीनचा आवाज मध्येच थांबून परत सुरू झाला होता. मला वाटलं दोरा तुटला.

तू म्हणालीस कोर्टाचं नाव सांगावं. तसंच झालं, मी सांगायच्या आधीच. आईने पालकबाईंना विचारलं, मला इथे कुणी आणलं? बाई खरं बोलणाऱ्या, त्या म्हणाल्या, कोर्टाने तसा निर्णय दिला आहे. बिट्टी, आईचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिने कोटाची बटणं लावायला सुरुवात केली, वाकड्या बोटांनी, एक एक, गळ्यापर्यंत. आणि अगदी हळू आवाजात, आपण शाळेत मदरसमोर उभ्या राहायचो तशा आवाजात विचारलं, "मी काय गुन्हा केला?"

बाई समजावू लागल्या. जितकं समजावलं तितकी ती घाबरली. परत परत तेच विचारत होती, माझ्या हातून काय झालं, कुणाचं कापड बिघडलं का, भरून देईन म्हणा. मला ते ऐकवेना. मी पुढे झाले आणि म्हणाले, "आई, मी ठरवलं. मी तुला इथे आणलं."

मग तिने मला जे बोलायला सुरुवात केली ते मी लिहीत नाही, तुला पाठ आहे. माझ्या केसांपासून सुरुवात करून लग्न मोडलं तिथपर्यंत आली. पालकबाई संकोचून दाराकडे गेल्या. आणि बोलता बोलता तिने कोटाची बटणं काढली, कोट खुर्चीवर टाकला, पलंगावर बसली. जेवण आलं ते जेवली. मध्ये मध्ये थांबून मला आणखी बोलत होती. ती घाबरलेली नव्हती. रागावलेली होती. रागावलेली आई मला सांभाळता येते, तेवढंच येतं.

मी चुकले की नाही हे मला विचारू नकोस. रोज दोन्ही उत्तरं खरी वाटतात. सही केली असती तर कदाचित बोटं सरळ असती. नाहीतर ती अजून त्या टेबलाशी झोपली असती. मला यातलं काहीच आधी दिसलं नाही, आणि आता दिसून उपयोग नाही.

आता कोणाकडे काय जायचं ते ठरवून टाकू, म्हणजे घोटाळा नको.

बँकेची, घराची आणि कोर्टाची पत्रं पालकबाईंकडे. तुझ्या पत्त्यावर काही आलं तर न उघडता त्यांना पाठव. घराच्या दोन्ही किल्ल्या मी त्यांना दिल्या आहेत, माझ्याकडे एकही ठेवलेली नाही, कारण आईने आण म्हटलं तर मी तिला घरी नेईन.

डॉक्टरांचे अहवाल तुझ्याकडे येतील. पालकबाईंना तुझं नाव दिलं आहे. वाचून मला फक्त तेवढंच कळव, ज्यात मला काही करता येईल.

मशीन न्हाव्याच्या सुनेला. तिला शिवता येतं, आणि ती मशीन विकणार नाही. गिऱ्हाइकांचे अर्धवट राहिलेले कपडे मी त्यांच्या त्यांच्या घरी पोचवले, दोन कोट उरले आहेत, ते कुणाचे हे आईला आठवत नाही. ते पालकबाईंनी कपाटात ठेवू दिले आहेत. आईला हातात कापड लागतं.

तिचे मळके कपडे धुवायला माझ्याकडे. संस्थेत धुतात, पण तिकडे कडक होतात.

आणि ती तुला फोन करेल. नंबर तिला पाठ आहे. ती विचारेल, मला इथे कुणी ठेवलं. तेव्हा कोर्ट म्हणू नकोस, पालकबाई म्हणू नकोस, डॉक्टरही म्हणू नकोस. ताईने ठेवलं म्हणून सांग. दर वेळी विचारेल, दर वेळी तेच सांग. नर्सना आणि पालकबाईंनाही मी हेच सांगून ठेवलं आहे.

तुझी,
ताई